महिन्याचे बिल आणि सुगीचा पैसा

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकाताईंचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. यजमान आठ एकर शेती करतात आणि शेतात सोयाबीन, कापूस व तूर ही पिके असतात. ७६ वर्षांचे सासरे, ६८ वर्षांच्या सासूबाई, दोन मुले आणि हे नवरा-बायको अशा सहा जणांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत काशी, प्रयागराज आणि अयोध्या अशी यात्रा करावी, असा घरात बेत चालला आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांनी त्यांना तीन क्रेडिट कार्डे काढण्याचा सल्ला दिला आहे. खरिपाचे बियाणे, खते, किराणा, विम्याचे हप्ते असा सगळा खर्च कार्डांवर केला, की पॉइंट साठतील आणि सहाही जणांची विमानाची तिकिटे ‘फुकट’ निघतील, असे ते म्हणतात. ते स्वतः मागच्या वर्षी असेच गोव्याला जाऊन आले. यजमानांचे म्हणणे मात्र एवढेच, की ऋण काढून सण करायचा नाही. ताई विचारतात, ‘खर्च तसाही होणारच आहे, मग त्यावर चार पैसे परत मिळाले तर बिघडले कुठे? आणि कोणती तीन कार्डे काढू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘खर्च तसाही होणारच आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचले. ते खोटे नाही. बियाणे लागणार, खत लागणार आणि विम्याचा हप्ताही भरावाच लागणार. प्रश्न असा आहे की तो खर्च भागवणारा पैसा घरात कधी येतो. तुमच्या घरात दोन थैल्या आहेत. एक तुमच्या पगाराची, जी दर महिन्याला थोडी भरते. दुसरी शेताची, जी सोयाबीन निघाल्यावर एकदा, कापूस वेचला तसा अधूनमधून आणि तूर बाजारात गेल्यावर पुन्हा एकदा भरते, आणि मधले कित्येक महिने रिकामी असते. क्रेडिट कार्डाला फक्त पहिली थैली ओळखता येते. त्याचे बिल पाऊस पाहून येत नाही, ठरलेल्या तारखेला येते. दिरांच्या घरात एकच थैली आहे आणि तीही महिन्याची, म्हणून त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर आहे. त्यांनी तुम्हाला फसवलेले नाही. त्यांनी पुण्याचे गणित परभणीत मांडले, इतकेच.

आता हे आकड्यांत पाहू. समजा, मृग बरसल्यावर जूनच्या मध्यावर तुम्ही ६० हजारांचे बियाणे आणि खत कार्डावर घेतले. बिनव्याजी मुदत, खरेदी कोणत्या तारखेला केली त्यानुसार, साधारण २० ते ५० दिवसांची असते. म्हणजे फार झाले तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पूर्ण रक्कम भरली पाहिजे, आणि त्या वेळी सोयाबीन फुलोऱ्यात असते. पीक निघून पैसा हातात यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. बिल पूर्ण भरले नाही, की व्याज देय तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या दिवसापासून लागते, आणि त्यानंतर कार्डावर घेतलेल्या प्रत्येक वस्तूचीही बिनव्याजी सवलत जाते. महिन्याला साडेतीन टक्के हा अनेक कार्डांचा नेहमीचा दर धरला, तर चार महिन्यांचे ढोबळ व्याज ८,४०० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,५१२ रुपये, म्हणजे एकूण ९,९१२ रुपये. शंभर रुपयांना एक रुपया या हिशेबाने त्या खरेदीवर पॉइंट मिळतील ६०० रुपयांचे. तेही दुकानदाराने कार्ड फिरवण्याचे दोन टक्के वेगळे मागितले नाहीत तर. आपल्याकडच्या अनेक कृषी सेवा केंद्रांत ते मागतातच, आणि तसे झाले तर १,२०० रुपये आधीच खिशातून गेलेले असतात.

‘किमान रक्कम भरत राहू’ असा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाका. बिलावर ठळक छापलेला तो आकडा साधारण पाच टक्क्यांच्या आसपासचा असतो. तो भरल्याने विलंब शुल्क टळते, पण व्याज थांबत नाही. कार्डावरून एटीएममधून रोख काढणे त्याहून महाग पडते, कारण तिथे व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि वर शुल्कही लागते. ओळखीच्या दुकानात कार्ड फिरवून, टक्केवारी देऊन रोख घ्यायची युक्ती तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ती कार्डाच्या अटींचा भंग आहे, त्या वाटेला जाऊ नका.

खरिपाच्या पैशासाठी तुमच्या यजमानांकडे याहून पुष्कळ चांगले साधन आहे आणि बहुधा ते वापरतही असतील. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. शून्य टक्क्याचे कर्ज हाताशी असताना वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लावणाऱ्या कार्डावर खत घेण्यात शहाणपण नाही. शिवाय एक तोटा कोणत्याच बिलावर छापलेला नसतो. ऑक्टोबरात कार्डाचा तगादा डोक्यावर असेल, तर यजमान सोयाबीन वाळवण्यासाठी थांबणार नाहीत. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, तिथे नोंदणी करावी लागते आणि पैसे खात्यात यायलाही वेळ जातो. घाईतला माणूस ओला माल आडत्याच्या दारात नेतो आणि पडेल तो भाव घेतो. त्या एका दिवशी क्विंटलमागे जे जाते, त्यात सहाही जणांचे पॉइंट वाहून जातील.

म्हणजे कार्ड घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. यजमानांची म्हण जुनी आणि खरी आहे, पण महिन्याच्या पगारातून महिन्याचे बिल पूर्ण भरणारा माणूस ऋण काढत नाही. तो फक्त पैसे चाळीस दिवस उशिरा देतो. तुमच्या पगारावर एक कार्ड बसते. एकच. मोबाइल, गॅस, मुलांची पुस्तके, औषधे, काही ऑनलाइन खरेदी आणि विम्याचा हप्ता असा महिन्याला १५ हजारांचा खर्च त्यावर वळवता आला, तर वर्षाला १ लाख ८० हजार होतात आणि एक टक्क्याने १,८०० रुपयांचे पॉइंट मिळतात. वार्षिक शुल्क ५०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी मिळून ५९० वजा केले, तर १,२१० रुपये हातात उरतात. हाच खर्च तीन कार्डांवर वाटला, तर पॉइंट तेवढेच राहतात आणि शुल्क तिप्पट होऊन १,७७० रुपयांवर जाते. उरतात ३० रुपये. मनमाडच्या फलाटावर सहा जणांचा चहाही त्यात होणार नाही.

दीर यावर म्हणतील की खरा फायदा कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या सुरुवातीच्या पॉइंटांत आहे, आणि त्यांचे ते म्हणणे खरे आहे. ज्या प्रवाशांना या वाटेने मोठी तिकिटे मिळतात, ती बहुधा त्या सुरुवातीच्या बोलीतूनच मिळतात. पण तिला अट असते: ठरावीक दिवसांत ठरावीक खर्च. ज्या घरात तेवढा खर्च होतच असतो तिथे ती अट बसते. ज्या घरात होत नाही, तिथे नव्वदाव्या दिवशी कोणीतरी फ्रिज बदलून टाकते. शिवाय इंधन, भाडे, वॉलेट, शासकीय भरणा अशा कित्येक खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा मर्यादा घालतात, आणि लागोपाठ तीन अर्ज केल्याची नोंद तुमच्या पतमापनात राहते. पुढेमागे गृहकर्ज काढायचे असेल, तर ही नोंद आड येऊ शकते.

कोणते कार्ड, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर नावाने देत नाही, कारण त्यांच्या अटी वर्षात दोनदा बदलतात. कसे निवडावे ते सांगते. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथून सुरुवात करा. वार्षिक शुल्क नसलेले किंवा तुमच्या नेहमीच्या खर्चात माफ होणारे कार्ड पाहा. तुमचा प्रवास विमानाचा नसून रेल्वेचा आहे, तेव्हा विमानतळावरच्या आरामकक्षाचे आमिष सोडून द्या आणि रेल्वे तिकिटांवर जास्त पॉइंट देणाऱ्या कार्डांची तुलना करा. मात्र त्यांतली काही केवळ वातानुकूलित वर्गाच्या तिकिटावरच जास्त पॉइंट देतात, हे आधी वाचून घ्या. रुपे कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडून तालुक्याच्या दुकानातही चालते, पण त्या व्यवहारावर पॉइंट मिळतात की नाही ते विचारा. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सूचना बँकेला पहिल्याच दिवशी देऊन ठेवा. पुढे नको वाटले, तर सगळी रक्कम फेडून कार्ड बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

पॉइंट साठवण्याबद्दल मी थोडी कडवट आहे, त्याला कारण आहे. एका बँकेचे अकरा हजार पॉइंट मी ‘मोठ्या प्रवासासाठी’ तीन वर्षे जपले, आणि ज्या महिन्यात वापरायला गेले त्याच्या आदल्या महिन्यात त्यांची मुदत संपली होती. पॉइंट हा ठेवीसारखा पैसा नाही. देणाऱ्याला नियम बदलता येतात. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ नंतर उडेनाशी झाली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि सभासदांचे पॉइंट दुसऱ्या योजनेत, दुसऱ्या नियमांखाली गेले. तेव्हा जे मिळतील ते वर्षाच्या आत वापरावेत. आणि ‘तुमचे पॉइंट आज संपत आहेत, या दुव्यावर जा’ असा संदेश आला, की तो फसवणुकीचा समजून पुसून टाकावा. कोणी फाइल पाठवून उघडायला सांगितले तर उघडू नये आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. हे तुमच्यापेक्षा सासऱ्यांना जास्त समजावून सांगा. मोबाइल त्यांच्याही हातात असेलच.

आता जो विषय तुमच्या पत्रात जवळजवळ नाहीच, त्याकडे येते. सासरे माळकरी आहेत आणि रोज एकनाथी भागवत वाचतात, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. त्यांना काय हवे आहे हे मात्र लिहिलेले नाही. पैठणच्या नाथांनी तो ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला काशीतच पूर्ण केला. आयुष्यभर ज्यांनी तो वाचला, त्यांच्या मनातली काशी आणि दिरांच्या मनातली तीन रात्री-चार दिवसांची काशी एकच असेल असे नाही. त्यांना विचारा. कदाचित ते म्हणतील, अयोध्या राहू द्या, पण काशीत पाच दिवस राहू. म्हणजे खर्चातला मोठा तुकडा कोणत्याही कार्डाशिवाय वाचला.

तारखेबद्दलही त्यांना विचारा, कारण खरी बचत तारखेत आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा असते आणि तिच्या आधी महाराष्ट्रातून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. छठनंतर तीच गर्दी उलटी फिरते. त्या दिवसांत पॉइंटांवरची विमानतिकिटे मिळणेही दुरापास्त असते, कारण जागा विकल्या जात असताना त्या पॉइंटांवर देण्यात कंपनीला रस नसतो. कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते, घाटांवर दिवे लागतात आणि खोल्यांचे भाव सर्वांत वर जातात. ही पौर्णिमा सरल्यानंतरचा आठवडा मात्र निवांत असतो. छठची गर्दी ओसरलेली असते, उत्तरेतले धुके अजून पडलेले नसते, आणि तुमचे सोयाबीन विकलेले असते. त्यासाठी तुम्हाला सुट्टीबाहेरची रजा टाकावी लागेल आणि मुलांचा आठवडा बुडेल. माझ्या मते तो बुडू द्यावा. पण सासऱ्यांनी पौर्णिमाच काशीत गाठायची असे सांगितले, तर महाग पडले तरी तीच गाठा आणि राहण्याची सोय तीन महिने आधी करून ठेवा.

तिकिटांचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या प्रवासासाठी तुम्हाला सप्टेंबरअखेर सकाळी आठ वाजता तयार राहायचे आहे. तुमचे रेल्वे खाते आधारशी जोडलेले नसेल तर आजच जोडा. नाहीतर आरक्षण उघडल्याचा पहिला दिवसच हातचा जाईल आणि तत्काळ तर मिळणारच नाही. मनमाडला उतरून महानगरी किंवा कामायनीने थेट वाराणसी गाठता येते. दोन गाड्यांच्या मध्ये चार-पाच तास हाताशी ठेवा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तिचा हिशेब धरू नका, पण खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे. ती एका तिकिटावर फक्त ज्येष्ठच, तेही एक किंवा दोन, असतील तर लागू होते, म्हणून सासू-सासऱ्यांचे तिकीट वेगळे काढा. डबा वेगळा आला तर यजमानांनी रात्री त्यांच्या डब्यात चक्कर मारावी. वरच्या बर्थवर चढण्यापेक्षा ते बरे. तिकीट काढताना ४५ पैशांचा प्रवास विमा घ्यायला विसरू नका.

एसटीची सवलत तर तुम्हाला आजच मिळालेली आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट, आणि त्याआधीपासूनच ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे व पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत, हे सगळे राज्याच्या हद्दीत. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करता मनमाडपर्यंत मी रेल्वेच सुचवेन, पण माहूर, तुळजापूर, अंबाजोगाई, पंढरपूर असे फिरायचे ज्यांच्या मनात आहे, त्या वाचकांनी आधी ही सवलत आणि ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास यांचा हिशेब करावा. त्यापुढे कोणतेही कार्ड फिकेच पडते.

पैशांची जुळणी अशी करता येईल. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सात महिने तुमच्या पगारातून पाच हजारांची आवर्ती ठेव काढा, ३५ हजार आणि वर थोडे व्याज होईल. ती राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपालाच्या बचत खात्यात साठवा. जास्त व्याजाच्या बोलीवर पैसे ठेवून काय होते, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. सप्टेंबरअखेर तिकिटे त्या एका कार्डावर काढा, पॉइंट घ्या आणि बिल आले की त्याच ठेवीतून त्याच दिवशी पूर्ण भरा. राहणे-जेवणे, नावा, रिक्षा, दक्षिणा हा खर्च तोवर आलेल्या सोयाबीनच्या पैशातून होईल, आणि तो रोख किंवा यूपीआयनेच करावा लागेल. घाटावरचा नावाडी कार्ड घेत नाही.

राहता राहिले दीर. त्यांच्याकडे पॉइंट साठलेले आहेत आणि तुमच्याकडे नाहीत. बहुतेक योजनांत आपल्या पॉइंटांवर आईवडिलांचे तिकीट काढता येते. जाताना म्हातारी माणसे उत्साहात असतात. थकवा येतो तो परतताना. वाराणसीहून हैदराबादला थेट विमान आहे आणि हैदराबादहून रात्रीच्या गाडीने परभणी गाठता येते. त्या दोघांचे परतीचे विमान दिरांनी आपल्या पॉइंटांतून काढावे. वरचे कर आणि शुल्क रोख भरावे लागते, ते तुम्ही द्या. विमानाने म्हातारी माणसे एकटी येणार नाहीत, म्हणून तिसऱ्या तिकिटावर दिरांनीच काशीला येऊन त्यांना सोबत घेऊन यावे. त्यांना फोन कराल तेव्हा कार्डांचा विषय काढू नका. आधी सासऱ्यांनी ठरवलेली तारीख सांगा आणि मग विचारा, त्या दिवशी तीन जागा मिळतात का.